प्रोफेसरने पेपरात लिहावं की नाही? क्रुगमनच्या निमित्ताने

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमनने डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधला कॉलम थांबवला, जवळपास पंचवीस वर्षं चाललेला, आणि तेव्हापासून त्याच्या नावाने जी भांडणं चालू आहेत ती मराठीतसुद्धा वाचायला मिळतात आणि वाचून खरंच चिडचिड होते. एका गटाचं म्हणणं असं की माणूस मोठा विद्वान होता, नोबेल मिळालं, पण पेपरात लिहायला लागला आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा प्रवक्ता होऊन बसला, सगळी विद्वत्ता पाण्यात गेली. दुसरा गट म्हणतो की इराक युद्ध घ्या, घरांच्या किमतींचा फुगा घ्या, युरोपातल्या सरकारांची काटकसर घ्या, तो म्हणाला ते सगळं खरं झालं, लोकांनी ऐकलं नाही. मग दोघंही अंदाजांच्या याद्या काढतात, आपल्या सोयीचे तेवढे मोजतात आणि मूळ प्रश्न तसाच पडून राहतो. विद्यापीठात शिकवणाऱ्या, संशोधन करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाने सरकारच्या बजेटवर, करांवर, निवडणुकीवर जाहीरपणे, नावं घेऊन, आठवड्यातून दोन-दोनदा लिहावं का? आणि लिहिलं तर त्याला मोजायचं कशाने?

माझं मत आधीच सांगून टाकतो. लिहावं, आणि कुणी परवानगी दिली म्हणून नव्हे, ते त्याच्या कामातच येतं म्हणून लिहावं. आणि त्याला मोजताना दोन गोष्टी बघाव्यात. आपलं मत कशावर उभं आहे हे त्याने इतकं उघड सांगितलंय का की दुसऱ्या कुणाला ते तपासता यावं, आणि चूक निघाल्यावर जिथे केली तिथेच ती मान्य केली का. या मापाने क्रुगमन बऱ्यापैकी पास होतो. एका बाबतीत तो सपशेल नापासही होतो, पण त्याचे टीकाकार बोट ठेवतात ती ती बाब नव्हे.

आधी माणूस काय करून कॉलमपर्यंत पोचला ते बघू, कारण "संशोधनात काही जमलं नाही म्हणून पेपरात गेला" हे जे सगळ्याच कॉलमवाल्या प्रोफेसरांबद्दल बोललं जातं ते इथे लागूच होत नाही. जन्म १९५३ चा, येलमधून बीए, एमआयटीतून १९७७ मध्ये पीएचडी. तोपर्यंत आंतरराष्ट्रीय व्यापाराचा सिद्धांत म्हणजे रिकार्डो या जुन्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञापासून चालत आलेली कल्पना, की देश एकमेकांपेक्षा वेगळे असतात म्हणून व्यापार करतात, एकाकडे जमीन जास्त, दुसऱ्याकडे भांडवल. पण दुसऱ्या महायुद्धानंतर जगातला भरपूर व्यापार एकसारख्या देशांमध्येच चालला होता, जर्मनी फ्रान्सला गाड्या विकतो आणि फ्रान्सही जर्मनीला गाड्याच विकतो. हे का होतं? क्रुगमनने दाखवलं की मोठ्या प्रमाणावर माल काढला की खर्च कमी येतो आणि गिऱ्हाइकाला निवड हवी असते, एवढ्या दोन गोष्टी धरल्या तर अगदी सारखे देशसुद्धा व्यापार करतील आणि दोघांचाही फायदा होईल. त्यासाठी त्याने जे गणिती हत्यार वापरलं ते अविनाश दीक्षित आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांचं, १९७७ चं. दीक्षित जन्माने मुंबईचे, झेवियर्स कॉलेजचे विद्यार्थी. पुढे क्रुगमनचा हा पेपर एका नामांकित जर्नलने परत पाठवला, आणि १९७९ मध्ये तो छापला जगदीश भगवतींनी, तेही जन्माने मुंबईचेच, एमआयटीत क्रुगमनचे शिक्षक आणि दुसऱ्या एका जर्नलचे संपादक. पेपर तपासणाऱ्यांचं मत विरोधात असताना त्यांनी तो घेतला. दहा-अकरा पानांचा पेपर. २००८ मध्ये नोबेल मिळालं ते याच कामासाठी आणि १९९१ च्या दुसऱ्या एका पेपरसाठी, ज्यात उद्योग एकाच भागात गोळा का होतात याचं मॉडेल आहे. त्या १९९१ च्या पेपरकडे मी परत येणार आहे, कारण क्रुगमनची सगळ्यात महागडी चूक तिथे दडलेली आहे असं मला वाटतं.

म्हणजे २००० च्या जानेवारीत टाइम्समध्ये लिहायला लागला तेव्हा त्याचं मुख्य संशोधन करून झालं होतं. तरुण अर्थशास्त्रज्ञांना दिलं जाणारं जॉन बेट्स क्लार्क मेडल १९९१ मध्येच मिळालं होतं, १९८२-८३ मध्ये रेगनच्या व्हाइट हाउसमध्ये आर्थिक सल्लागार मंडळाच्या स्टाफवर काम करून झालं होतं, आणि नव्वदच्या दशकात तो ज्यांच्यावर तुटून पडायचा त्यातले कितीतरी जण क्लिंटनच्या बाजूचे होते. देश म्हणजे कंपन्या आहेत आणि त्या एकमेकींशी स्पर्धा करतात, ही तेव्हाची फॅशनेबल भाषा रॉबर्ट राइश आणि लेस्टर थुरो यांच्यासारखी मंडळी बोलायची आणि क्रुगमन १९९४ मध्ये फॉरेन अफेअर्स या नियतकालिकात त्यांचे आकडे घेऊन एकेक खोडत बसला होता. तो प्रवक्ताच असता तर स्वतःच्या लोकांना इतकं दुखावून कशाला घेतलं असतं?

आता टीकाकारांचा पहिला मुद्दा, आणि तो जोरदार आहे. नोबेल व्यापाराच्या सिद्धांतासाठी, आणि लिहितो कशावर, तर इराकवर, आरोग्य विम्यावर, निवडणुकीवर. वाचक बिचारा नाव बघतो, नावामागे नोबेल दिसतं, आणि सगळंच शास्त्र समजून गिळतो. एका विषयात कमावलेली पत दुसऱ्या विषयात खर्च करणं हे बरोबर नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. इराकवर तो बरोबर होता असं मला वाटतं, पण ते अर्थशास्त्रज्ञ म्हणून नाही, एक सजग नागरिक म्हणून, आणि तिथे त्याच्या मताला दुसऱ्या कुणा सजग नागरिकाच्या मतापेक्षा जास्त वजन द्यायचं काही कारण नाही.

पण या मुद्द्यावरून जो निष्कर्ष काढतात, की म्हणून प्रोफेसरने वर्गात बसावं, तो चुकीचा आहे आणि का चुकीचा ते २००८ नंतरच्या तीन वर्षांत अगदी स्वच्छ दिसतं. १९९८ मध्ये क्रुगमनने जपानवर एक पेपर लिहिला होता. व्याजदर शून्यावर पोचले, तरी अर्थव्यवस्था उठत नाही, अशा वेळी नेहमीचे नियम उलटे होतात, नोटा छापून महागाई येत नाही, आणि सरकारने खर्च केला तर त्याने खाजगी गुंतवणूक दाबली जात नाही. तेव्हा बऱ्याच जणांना हे जपानपुरतं विचित्र प्रकरण वाटलं. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेचे व्याजदर शून्यावर आले. आता ज्याच्याकडे या स्थितीचं मॉडेल दहा वर्षांपासून तयार आहे त्याने गप्प बसायचं? ओबामाचं प्रोत्साहन पॅकेज २००९ च्या सुरुवातीला ७८७ अब्ज डॉलरचं झालं, त्याच्या आधीच क्रुगमन साधी वजाबाकी करून सांगत होता की अर्थव्यवस्थेत पडलेला खड्डा दोन वर्षांत दोन हजार अब्जांच्या पुढे आहे आणि हे पैसे त्याला पुरायचे नाहीत, आणि कमी पडले तर लोक असं म्हणणार नाहीत की कमी पडले, लोक म्हणतील हा उपायच चालत नाही. ओबामाच्या सल्लागारांनी पॅकेज दिल्यावर बेकारी आठ टक्क्यांच्या वर जाणार नाही असा अंदाज दिला होता, ऑक्टोबर २००९ मध्ये ती दहा टक्क्यांवर गेली, आणि राजकीय परिणाम तोच झाला जो त्याने सांगितला होता. हे तो स्वतःच्याच पक्षाच्या नव्याकोऱ्या, प्रचंड लोकप्रिय राष्ट्राध्यक्षाविरुद्ध बोलत होता, हे प्रवक्ता म्हणणाऱ्यांनी जरा लक्षात घ्यावं.

आणि त्याने ते कसं समजावलं ते बघण्यासारखं आहे. वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिल भागात सत्तरच्या दशकात साधारण दीडशे जोडप्यांनी मिळून मुलं सांभाळायची एक सहकारी व्यवस्था काढली होती, बरेचसे संसदेच्या कामात असलेले लोक. पैसे नाहीत, कूपनं. एक कूपन म्हणजे अर्धा तास दुसऱ्याची मुलं सांभाळणं. तुम्ही माझी मुलं सांभाळलीत की मी तुम्हाला कूपनं देणार. झालं असं की प्रत्येकाला वाटायला लागलं हाताशी थोडी कूपनं शिल्लक असावीत, एकदम दोन-तीन संध्याकाळी बाहेर जायचं झालं तर? म्हणून सगळे बाहेर जायचं टाळून दुसऱ्याची मुलं सांभाळायला तयार, पण बाहेर कुणी जातच नाही म्हटल्यावर सांभाळायची संधी कुणाला मिळेना, आणि संधी मिळेना म्हणून लोक आणखी जपून वागायला लागले. दीडशे घरांत मंदी आली. कुणी आळशी नव्हतं, कुणाची मुलं वाईट नव्हती. काही वकिलांनी नियम करून बघितला की महिन्यातून दोनदा तरी बाहेर गेलंच पाहिजे. शेवटी काय केलं, तर कूपनं जास्त छापली आणि सगळं सुरळीत झालं (नंतर फारच जास्त छापली आणि उलटी गडबड झाली, तेही क्रुगमन सांगतो). ही गोष्ट त्याची स्वतःची नाही, जोन आणि रिचर्ड स्वीनी यांनी ती १९७७ मध्ये एका जर्नलमध्ये मांडली होती, जर्नलमध्ये ती किती जणांनी वाचली असती? क्रुगमनने ती इतक्या वेळा सांगितली की मंदी म्हणजे कुणाच्या तरी पापाची शिक्षा नसते, मागणीच कमी पडू शकते, हा विचार लाखो सामान्य वाचकांपर्यंत गेला. याला विद्वत्ता पाण्यात गेली म्हणायचं असेल तर मग विद्वत्ता कशासाठी असते?

उलट बाजूला काय होतं तेही बघा. नोव्हेंबर २०१० मध्ये वीसेक अर्थतज्ज्ञ, गुंतवणूकदार आणि लेखकांनी फेडचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष बर्नान्के यांना जाहीर पत्र लिहिलं की नवे पैसे काढून बाँड खरेदी करण्याचा फेडचा कार्यक्रम थांबवा, डॉलर घसरेल, महागाई येईल. फेडचा ताळेबंद २००८ च्या आधी एक हजार अब्ज डॉलरच्याही आत होता तो २०१४ अखेर साडेचार हजार अब्जांच्या घरात गेला, आणि महागाई त्या काळात बहुतेक दोन टक्क्यांच्या उद्दिष्टाच्या आसपास किंवा खालीच राहिली. चार वर्षांनी एका वृत्तसंस्थेने सह्या करणाऱ्यांना गाठलं तेव्हा ज्यांनी उत्तर दिलं त्यातल्या कुणीही चुकलो म्हटलं नाही. त्यातले काही चांगल्या विद्यापीठांतले प्रोफेसर. म्हणजे प्रोफेसरांनी जाहीर बोलू नये असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की एक प्रोफेसर गप्प बसला म्हणून चर्चा शुद्ध होत नाही, बाकीचे बोलतच असतात.

दुसरा मुद्दा चुकांचा, आणि इथे क्रुगमनच्या भक्तांनी डोळे मिटून घेतलेत. यादी छोटी नाही. १९९८ मध्ये त्याने लिहिलं की २००५ च्या सुमारास स्पष्ट होईल की इंटरनेटचा अर्थव्यवस्थेवरचा परिणाम फॅक्स मशीनपेक्षा जास्त नव्हता. २००३ मध्ये बुशच्या तुटीला घाबरून त्याने जाहीर केलं की व्याजदर भडकणार, मी माझं स्वतःचं घराचं कर्ज फिक्स्ड रेटवर नेलंय. व्याजदर भडकले नाहीत. मे २०१२ मध्ये लिहिलं की ग्रीस युरोमधून बाहेर पडेल, कदाचित पुढच्याच महिन्यात. ग्रीस आजही युरोमध्ये आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रम्प जिंकला त्या रात्री लिहून बसला की बाजार सावरणार कधी याचं पहिलं उत्तर म्हणजे कधीच नाही, आणि बाजार दुसऱ्याच दिवशी वर. हे शेवटचं तर रागाच्या भरात लिहिलेलं होतं आणि ते त्याने काही दिवसांतच मागे घेतलं, पण लाखो लोक वाचतात त्या जागी रागाच्या भरात लिहायचं नसतं, मग कितीही मोठा धक्का बसलेला असो.

मग २०२१. बायडेनचं १,९०० अब्ज डॉलरचं पॅकेज आलं, लॅरी समर्सने, म्हणजे क्रुगमनसोबत रेगनच्या काळात त्याच सल्लागार मंडळात काम केलेल्या माणसाने, फेब्रुवारीतच इशारा दिला की यातून महागाई भडकेल. क्रुगमन म्हणाला भडकणार नाही, जी येईल ती तात्पुरती. जून २०२२ मध्ये अमेरिकेतली महागाई ९.१ टक्के झाली. जुलै २०२२ मध्ये त्याने त्याच पेपरात, त्याच कॉलममध्ये, सरळ लिहिलं की महागाईबद्दल मी चुकलो. आणि नुसती माफी मागून थांबला नाही, कुठे चुकलो तेही मांडलं, की आधीच्या अनुभवावर बेतलेलं मॉडेल होतं, अर्थव्यवस्था जरा तापली तर महागाई थोडीशीच वाढते असं ते मॉडेल सांगायचं, आणि महामारीने जे सगळं उलटंपालटं केलं होतं त्यात जुनं मॉडेल तसंच्या तसं लावणं सुरक्षित नव्हतं. आता गंमत बघा (गंमत म्हणजे खरंच विचार करण्यासारखी गोष्ट). जून २०२२ मध्ये समर्स म्हणाला होता की महागाई आटोक्यात आणायला पाच वर्षं पाच टक्क्यांच्या वर बेकारी सोसावी लागेल. जून २०२३ मध्ये महागाई तीन टक्क्यांवर आली होती आणि बेकारी ३.६ टक्के. म्हणजे समर्स पहिल्या भागात बरोबर, क्रुगमन दुसऱ्या भागात बरोबर. हे आपल्याला सांगता येतं ते कशामुळे? दोघांनीही आकडा, मुदत आणि कारण सांगून ठेवलं होतं म्हणून. "येणारा काळ आव्हानात्मक आहे" असं बोलणारा तज्ज्ञ कधीच चुकत नाही, आणि आपल्या चॅनेलवर बजेटच्या दिवशी बसवलेली बरीच मंडळी हेच बोलत असतात. ज्याचं कधीच चुकत नाही त्याच्याकडून शिकण्यासारखं काय असतं?

जाहीर चूक कबूल करण्याची किंमत काय असते हे महाराष्ट्राला तर फार चांगलं माहीत असायला हवं. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. फर्ग्युसनमधले प्रोफेसर, वय एकतीस, हिंदुस्थानच्या सरकारी खर्चावर त्यांची साक्ष इतकी तयारीची होती की विरोधकांनाही दखल घ्यावी लागली. तिथेच असताना पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल त्यांना पत्रं आली आणि त्यावरून त्यांनी मँचेस्टर गार्डियनमधून गंभीर आरोप केले. परत आले तेव्हा माहिती देणाऱ्यांची नावं उघड करता येत नव्हती, पुरावा उभा करता येत नव्हता. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्या माफीवरून त्यांना आपल्याच लोकांनी किती वर्षं टोचलं, भित्रा म्हटलं, सरकारधार्जिणा म्हटलं. आणि त्याच माणसाने १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात बजेटवर जे भाषण केलं त्यात सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवून विचारलं की दुष्काळाने लोक मरत असताना तिजोरीत शिल्लक पडते हे सुबत्तेचं लक्षण कसं? मिठावरचा कर पुढच्या वर्षी कमी झाला. ज्याने पुरावा नाही म्हटल्यावर शब्द मागे घेतले होते त्याच्याच आकड्यांना सरकार खोटं म्हणू शकलं नाही, असं मला वाटतं, दोन गोष्टींचा संबंध आहे. क्रुगमन गोखल्यांएवढा सोसून बसलेला नाही हे उघड आहे, पण मोजायचं माप तेच.

तिसरा मुद्दा पक्षपाताचा. मे २००५ मध्ये टाइम्सच्याच वाचक-प्रतिनिधीने (वाचकांच्या वतीने पेपरच्याच कामावर नजर ठेवणारा माणूस), डॅनियल ओक्रेंटने, पद सोडताना लिहिलं की क्रुगमनला आकडे आपल्या सोयीने कापून, निवडून मांडायची सवय आहे. बाहेरच्या शत्रूने नाही, घरातल्या माणसाने. त्यावर वाद झाला, ओक्रेंटला आपला आरोप नीट सिद्ध करता आला असं मला वाटत नाही, पण आरोपात तथ्य अजिबात नव्हतं असंही नाही. कॉलम आठशे शब्दांचा असतो, त्यात आपल्या बाजूचा आकडा बसतो आणि दुसऱ्या बाजूचा बाहेर राहतो.

पण पक्षपात म्हणजे नेमकं काय याचा इथे नेहमी घोळ होतो. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स १९१९ मध्ये ट्रेझरीचा, म्हणजे अर्थखात्याचा, माणूस म्हणून पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिसच्या तहाला गेला, तह बघून राजीनामा दिला आणि जर्मनीवर लादलेली भरपाई वसूल होणारच नाही हे पुस्तक लिहून जगाला सांगितलं. १९२५ मध्ये तेव्हाच्या अर्थमंत्री चर्चिलने पौंड युद्धाआधीच्या सोन्याच्या भावाला परत नेऊन बांधला तेव्हा केन्सने लगेच वर्तमानपत्रात लेख लिहिले की याचा भार कोळसा खाणीतल्या मजुरांच्या पगारावर येणार. पुढच्या वर्षी खाणकामगारांच्या पगारावरूनच सार्वत्रिक संप झाला, आणि १९३१ मध्ये ब्रिटनला सोनं सोडावंच लागलं. केन्स लिबरल पक्षाचा उघड माणूस होता. मिल्टन फ्रीडमन दुसऱ्या टोकाचा, १९६६ ते १९८४ न्यूजवीकमध्ये लिहीत होता, रिपब्लिकनांच्या जवळचा, आणि त्याच मासिकात १९८१ पर्यंत पॉल सॅम्युएलसनही लिहायचा, दोघंही नोबेलवाले. सक्तीची लष्करभरती बंद करा हे फ्रीडमन आधीपासून सांगत होता, निक्सनने १९६९ मध्ये नेमलेल्या आयोगावर तो बसला, १९७३ मध्ये भरती बंद झाली. फ्रीडमनची बहुतेक मतं मला पटत नाहीत, तरी त्याने गप्प बसून शिकागोत शिकवत राहायला हवं होतं असं मी कधीही म्हणणार नाही. बाजू असणं हा दोष असेल तर हे सगळे गेले.

क्रुगमनचा खरा दोष मला वेगळा दिसतो. समोरच्याचा हेतू. विरोधक चुकतोय इथपर्यंत तो थांबत नाही, तो खोटं बोलतोय, त्याला कळतंय तरी बोलतोय, असं तो वर्षानुवर्षं लिहीत राहिला. बुशच्या २००० च्या प्रचारात निवृत्तिवेतनाच्या हिशेबात तेच पैसे दोनदा मोजले जात होते, तिथे खोटं म्हणणं रास्त होतं. पण २००९ मध्ये जेव्हा सरकारी खर्चाने मंदी हटते का यावरून शिकागो विद्यापीठाच्या वगैरे अर्थशास्त्रज्ञांशी भांडण झालं तेव्हा तीच भाषा सहकाऱ्यांसाठी वापरली, की हे अज्ञानाच्या काळात परत गेलेत. त्यांच्यातले काही खरंच चुकले होते. पण हेतूवर आरोप केला की तपासायचं काही उरत नाही, आकडा तपासता येतो, मन कसं तपासणार? आणि आपलंच वर सांगितलेलं माप इथे त्याच्या विरोधात जातं. शिवाय त्याचा तोटा त्यालाच झाला, ज्यांना पटवायचं होतं ते वाचायचेच बंद झाले, उरले आधीच पटलेले.

आणि आता ती १९९१ च्या पेपरची गोष्ट, जी दोन्ही गट बोलतच नाहीत. नव्वदच्या दशकात गरीब देशांशी व्यापार वाढल्याने अमेरिकी कामगारांचं किती नुकसान होतं यावर क्रुगमन आणि बाकीच्यांनी हिशेब केला आणि उत्तर आलं, फार नाही. राष्ट्रीय सरासरीने ते तेव्हा बरोबरही होतं. पण सरासरीने. नंतर चीनमधून आयात वाढत गेली, आणि २०१३ मध्ये डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे काढून दाखवलं की फटका देशभर पसरला नाही, काही ठिकाणी एकवटला. नॉर्थ कॅरोलायनात हिकरीच्या आसपासचा सगळा भाग फर्निचरवर जगायचा, तिथे कारखाने गेले म्हणजे गाव गेलं, दुकानं गेली, घराची किंमत गेली. पण उद्योग एका जागी गोळा होतात आणि एकमेकांच्या आधाराने तिथेच राहतात हे तर १९९१ मध्ये क्रुगमननेच शिकवलं होतं ना? मग धक्का बसला तर तोही एकाच जागी बसणार, हे त्याच्याच मॉडेलमधून निघत होतं. २०१९ मध्ये त्याने मान्य केलं की हे आम्हाला दिसलं नाही. माझा मुद्दा हा की ही चूक कॉलमवाल्या क्रुगमनची नाहीये. ही प्रोफेसर क्रुगमनची आहे, भर संशोधनातली, टीव्ही नाही, राजकारण नाही, राग नाही. वर्गात आणि जर्नलमध्ये राहिलं की माणूस चुकत नाही हा समज इथे मोडून पडतो. उलट हिकरीचा एखादा सुतार त्याला १९९५ मध्ये भेटला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

संशोधनातली चूकसुद्धा पकडली जाते ती उघड्यावर आणल्यावरच. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी मांडलं की सरकारचं कर्ज जीडीपीच्या नव्वद टक्क्यांच्या वर गेलं की अर्थव्यवस्थेची वाढ कोसळते, आणि युरोप-अमेरिकेतले काटकसरवाले नेते हा आकडा मंत्रासारखा म्हणायला लागले. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस हर्नडन या मुलाला क्लासच्या असाइनमेंटसाठी तेच उत्तर काढायचं होतं आणि ते निघेना. त्याने लेखकांकडे फाइल मागितली, त्यांनी ती दिली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. एक्सेलच्या शीटमध्ये सरासरी काढताना शेवटच्या काही ओळी निवडायच्या राहिल्या होत्या, ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबातच नव्हते. ती चूक आणि निवडीतले बाकीचे प्रश्न दुरुस्त केल्यावर अशा देशांच्या वाढीची सरासरी उणे ०.१ टक्क्याच्या जागी अधिक २.२ टक्के आलं. क्रुगमनने ते आठवडाभरात कॉलममध्ये आणलं म्हणून ते जगभर गेलं. एका विद्यार्थ्याचं काम, पण लोकांपर्यंत नेणारं माणूस लागतं.

आता तो सबस्टॅकवर, म्हणजे लेखक थेट वाचकांसाठी लिहितात त्या वेबसाइटवर, लिहितो. टाइम्समध्ये संपादकांची ढवळाढवळ वाढली होती असं त्याने नंतर सांगितलं, आणि वाचक-प्रतिनिधी हे पदच टाइम्सने २०१७ मध्ये बंद केलंय, म्हणजे ओक्रेंटसारखं कुणी आता तिथेही नाही आणि इथेही नाही. याची मला काळजी वाटते. तो तक्ते देतो, आकडे कुठून घेतले ते देतो, हे चांगलं आहे, पण संपादक नसला की रागाच्या भरातल्या त्या २०१६ च्या रात्री वाढू शकतात.

आपल्याकडे तर अडचण उलटी आहे, लिहिणारेच कमी. न्यायमूर्ती रानड्यांनी, गणेश व्यंकटेश जोशींनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिहिलं, तेव्हा विद्यापीठ आणि सार्वजनिक चर्चा यांच्यात भिंत नव्हती. १९७१ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दिवसाला २,२५० कॅलरी हे माप धरून सांगितलं की ग्रामीण भागातले चाळीस टक्के आणि शहरांतले पन्नास टक्के लोक त्याच्या खाली आहेत, आणि देशभर भांडण पेटलं, माप बरोबर की चूक यावर पुढे कितीतरी वर्षं अभ्यासक भांडले. तेच तर हवं असतं. आज लाडकी बहीण योजनेवर कसं भांडण चालतं? एक म्हणतो रेवडी, दुसरा म्हणतो बायकांच्या पोटावर उठलात, आणि महिन्याला १,५०० रुपये हातात आल्यावर घरात कोण कशावर खर्च करतं, बाईचा शब्द घरात वाढतो का, वर्षाला ४६ हजार कोटींचा जो अंदाज सरकारने दिला ते पैसे कुठल्या खात्यातून वळवले, हे मराठीत, सही करून, हिशेब मांडून सांगणारे अर्थशास्त्राचे प्रोफेसर मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही दिसत नाहीत. इंग्रजी जर्नलमध्ये तीन वर्षांनी पेपर येईलही. लिहिलं तर संध्याकाळपर्यंत दोन्हीकडून पक्षाचा माणूस म्हणून शिक्का बसेल हे खरं आहे, प्रमोशनला त्याचा काही उपयोग नाही हेही खरं आहे. पण राज्याच्या बजेटची पुस्तकं मराठीत छापलेली असतात, सरकारच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, आणि सुरुवात त्यातल्या महिला व बालविकास खात्याच्या पानांपासून करता येईल.